टोकन कुणाच्या खणात?

१० जानेवारी, नंदुरबार
आमच्या संस्थेच्या सर्व्हरवर आता नुसता पासवर्ड चालणार नाही. शहादा, तळोदा, धडगाव, सगळ्या शाखांत एकच पासवर्ड तोंडपाठ. खात्यातली नोंद कुणी बदलली, हे कळणार कसं? यापुढे ज्याचं त्याचं प्रमाणपत्र. एनजिनएक्स या वेब सर्व्हरच्या सेटिंगमध्ये मुख्य ओळी दोनच: कोणत्या प्रमाणकर्त्याला (प्रमाणपत्र देणाऱ्याला) मानायचं ती, आणि क्लायंटची पडताळणी सुरू करणारी. प्रमाणपत्र नसेल त्याला सर्व्हर ४०० क्रमांकाची एरर देऊन परतवतो, लॉगिनचं पानही दिसत नाही.

११ जानेवारी
सरकारी कामाची डीएससीच (डिजिटल स्वाक्षरी प्रमाणपत्र) इथे वापरू, असं सचिव म्हणाले. मी नको म्हटलं. तिच्यामागची प्रमाणकर्त्यांची साखळी मानली की देशभरातल्या डीएससीधारकांना पहिलं दार उघडं. मग नाव आणि अनुक्रमांक वेगळे तपासत बसा. ओपनएसएसएलने संस्थेचाच छोटा प्रमाणकर्ता तयार केला. त्याची खाजगी किल्ली नेटला न जोडलेल्या संगणकावर, प्रत तिजोरीत.

१७ जानेवारी, धडगाव
चांदसैली घाटातून शाखेत पोचलो. प्रमाणपत्र आणि त्याची खाजगी किल्ली ठेवलेलं यूएसबी टोकन लावलं, पिन टाकला, पान उघडलं. किल्ली टोकनच्या बाहेर येतच नाही. सही आतच होते, सर्व्हरकडे जातं ते फक्त प्रमाणपत्र आणि ही सही. शाखेतल्या ताईंनी नेमकं विचारलं, "भाऊ, मी रजेवर गेले तर टोकन कुणाकडे देऊ?" कुणाकडेच नाही. बदलीवर येईल त्याने स्वतःच्या प्रमाणपत्रावर काम करायचं.

१९ जानेवारी, नंदुरबार
नोकरी सोडून गेलेल्यांची प्रमाणपत्रं रद्द यादीत टाकली. या यादीलाही मुदत असते. ती उलटली की एनजिनएक्स सगळ्यांनाच नाकारतो, म्हणून यादी दर आठवड्याला नवी करून सर्व्हर रीलोड करण्याचं काम ठरल्या वेळी आपोआप कामं चालवणाऱ्या क्रॉनला लावलं.

२२ जानेवारी
देशातलं पहिलं आधार २९ सप्टेंबर २०१० रोजी याच जिल्ह्यातल्या टेंभलीत दिलं गेलं. आणि ज्याची त्याची ओळख देण्याची सुरुवात झाली त्याच जिल्ह्यात आज एका ग्रामपंचायतीत सरपंचताईंचं डीएससी टोकन दुसऱ्याच्याच खणात दिसलं, पिन चिठ्ठीवर लिहून त्यालाच चिकटवलेला! वित्त आयोगाच्या निधीची देयकं याच सहीवर निघतात. सर्व्हर कितीही कडक ठेवा, टोकन आणि पिन एका हाती आले की तो त्या हातालाच ताई समजणार. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४२ प्रमाणे किल्ली ताब्यात ठेवण्याची काळजी धारकानेच घ्यायची आहे. तेव्हा ताई, टोकन स्वतःजवळ ठेवा, पिन आजच बदला. आणि टोकन हरवलं तर प्रमाणपत्र त्याच दिवशी रद्द करायला कळवा.