विषय म्हणून आपली नदी घे

राजगुरुनगर

चि. माऊस,

पीएच.डी.ची प्रवेश परीक्षा, पेट, पास झालीस, मुलाखतीत निवड झाली, विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात जागा मिळाली, हे ताईकडून कळलं आणि फार आनंद झाला. आपल्या घरात पीएच.डी.ला नाव नोंदवणारी तू पहिली. पण त्याच फोनवर ताई म्हणाली की तू विषयावर अडली आहेस. गाईड मॅडमनी भीमेच्या माशांचा विषय सुचवला आहे आणि तुला तो फार छोटा वाटतो. मैत्रिणी कॅन्सरच्या पेशींवर, जनुकांवर काम करणार आणि आपण मात्र राजगुरुनगरच्या पुलाखाली जाळं घेऊन उभं राहायचं, हे तुझ्या मनाला पटत नाही.

पत्र तुला लिहितो आहे, पण ते गावातल्या इतरांनीही वाचावं अशी माझी इच्छा आहे. खेड, चाकण, आळंदीच्या घराघरांतून आता मुलं-मुली विद्यापीठात संशोधनाला जातात आणि हाच प्रश्न त्यांच्यापुढेही उभा राहतो. मी आयुष्यभर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं. त्या अनुभवावरून ठामपणे सांगतो, की घराजवळचा विषय घेतल्यानं संशोधन छोटं होत नाही. ते छोटं होतं, प्रश्न अर्धवट विचारल्यानं.

आधी नुक्त्याची गोष्ट ऐक. विल्यम हेन्री साइक्स या लष्करी अधिकाऱ्यानं 1839 साली दख्खनच्या माशांची वर्णनं प्रसिद्ध केली. त्यांत नुक्ता नावाचा एक मासा आहे. त्याच्या थोबाडावर खोल आडवी खाच असते आणि खाचेच्या वरचा भाग शिंगासारखा पुढे आलेला असतो. साइक्सनं तो कुठे पाहिला? चाकणजवळच्या इंद्रायणीत. म्हणजे शास्त्राच्या दप्तरात या माशाचं मूळ ठिकाण म्हणून आपल्या शेजारच्या नदीचं नाव आहे. हा मासा फक्त कृष्णेच्या खोऱ्यात सापडतो आणि आययूसीएनच्या यादीत तो आज धोक्यात आलेला म्हणून नोंदलेला आहे. आपल्या तालुक्यातल्या नद्यांत तो आज आहे का, असेल तर कोणत्या डोहात, अंडी कुठे घालतो, पिल्लं वाढतात का, या प्रश्नांची उत्तरं जगातल्या कोणत्याही मोठ्या प्रयोगशाळेत बसून मिळणार नाहीत. त्यासाठी इथेच यावं लागेल, आणि तू तर इथलीच आहेस.

साइक्सनं आणखी एक केलं. नुक्ता, खुद्री, कोळस, मुळ्या अशी इथलीच नावं त्यानं शास्त्रीय नावांत घातली. ती त्याला नदीवर मासे धरणाऱ्यांकडूनच मिळाली असणार. तुला ज्या भोई मंडळींबरोबर होडीत बसायचं आहे, त्यांचे आभार तुझ्या थिसीसमध्ये नावानिशी येऊ देत.

पुण्याच्या माशांच्या अभ्यासाचा वारसाही पाहा. 1942 साली फ्रेझर यांनी पुण्याच्या माशांची नोंद बीएनएचएसच्या (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या) जर्नलमध्ये छापली. 1963 साली टोणपी आणि लीला मुल्हेरकर यांनी पुण्याच्या गोड्या पाण्यातल्या माशांवर लिहिलं. मुल्हेरकर बाईंनी एडिंबरात वॅडिंग्टन यांच्या हाताखाली पीएच.डी. केली होती आणि कोंबडीच्या गर्भाच्या वाढीवर त्यांचं काम होतं. जगातल्या नावाजलेल्या भ्रूणशास्त्रज्ञाकडे शिकून आलेल्या या बाईंना पुण्याच्या ओढ्या-नद्यांतले मासे मोजणं कमीपणाचं वाटलं नाही. पुढे 2012 साली पुण्यातल्या संशोधकांनी इंद्रायणीच्या माशांचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. या ओळीत पुढचं नाव भीमेचा अभ्यास करणाऱ्या मुलीचं यायला काय हरकत आहे?

आणि आपल्या डोंगराकडे पाहिलंस तर तिथेही हेच दिसेल. भीमाशंकरच्या जंगलात शेकरू फळांच्या टंचाईत काय खाऊन जगतं, उंबर-वडाच्या जातीच्या झाडांचा त्याला किती आधार होतो, यावर रेने बोर्जेस यांनी काम केलं आणि ते 1993 मध्ये आंतरराष्ट्रीय नियतकालिकात आलं. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सह्याद्रीतल्या देवरायांवर लिहिलेला 1976 चा लेख आजही जगभर वाचला जातो. हार्वर्डमध्ये शिकलेले गाडगीळ देवरायांत हिंडले, गावकऱ्यांशी बोलले आणि त्यातून जगाला उपयोगी पडेल असा विचार उभा राहिला.

मासे नुसते ओळखून काय होणार, असं तुला वाटत असेल तर खुद्रीचं उदाहरण घे. दख्खनच्या या महसीरवर सी. व्ही. कुलकर्णी यांनी मूलभूत काम केलं आणि लोणावळ्याला टाटांच्या वीज कंपनीच्या केंद्रात त्याची कृत्रिम पैदास होऊ लागली. ती पिल्लं देशात दूरदूरच्या नद्यांत, तलावांत सोडली गेली. आज खुद्री स्वतः धोक्याच्या यादीतून बाहेर आहे. पण कावेरीत सोडलेला हा मासा तिथल्या मूळच्या, कुबड असलेल्या महसीरच्या मुळावर उठला. त्या कावेरीच्या माशाची शास्त्रीय ओळख 2018 मध्ये कुठे पक्की झाली, आणि तोवर तो नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर येऊन ठेपला होता. पिल्लं सोडणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. फक्त कोणत्या नदीत कोणता मासा मूळचा, ही माहिती आधी पक्की नव्हती. तू जी यादी करशील, ती उद्या अशी चूक टाळायला उपयोगी पडेल. म्हणून प्रत्येक जातीचा नमुना नीट जपून संग्रहालयात दे, फोटो ठेव, डीएनएसाठी पेशी अल्कोहोलमध्ये ठेव. नुसत्या नावांच्या यादीवर पन्नास वर्षांनी कुणी विश्वास ठेवणार नाही.

आता कामाबद्दल. भीमा भीमाशंकरच्या डोंगरात उगम पावते, भोरगिरीवरून खाली येते, चासकमान धरणात अडते आणि मग आपल्या गावाजवळून पुढे तुळापूरला इंद्रायणीला भेटते. पावसाच्या पहिल्या लोंढ्यात कित्येक मासे अंडी घालायला प्रवाहाच्या उलट वर चढतात. मध्ये धरणाची भिंत आली की त्यांचं काय होतं? धरणाच्या वर आणि खाली तेच मासे मिळतात का? खाली उजनी धरणात चिलापी (तिलापिया) मुबलक मिळते, ती वर कुठवर आली आहे? यांतला एकच प्रश्न निवड आणि तो शेवटपर्यंत सोडू नकोस.

पाणी तपासताना वेळेकडे लक्ष दे. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन दुपारी भरपूर दिसतो, कारण उन्हात शेवाळ आणि पाणवनस्पती तो तयार करत असतात. रात्रभर त्याच वनस्पती, मासे आणि जिवाणू तो वापरतात, म्हणून पहाटे तो सगळ्यात कमी असतो. माशांचा जीव पहाटे जातो आणि आपण रीडिंग घेतो दुपारी बारा वाजता. अशा आकड्यांवरून नदी निरोगी ठरवली तर तो शास्त्राचा अपमान होईल. तेव्हा पहाटे जा, नमुन्याची बाटली काठावरच रसायनं घालून पक्की कर आणि मग बस पकड. चाकणच्या तळेगाव चौकात तास गेला तरी त्या बाटलीतला आकडा बदलता कामा नये. जाळं रिकामं आलं तर त्या दिवशीच्या पानावर शून्य लिही. शून्य हीही नोंदच असते.

निष्कर्ष आधी ठरवून नदीवर जाऊ नकोस. इंद्रायणीवर फेस आला की सगळ्यांची बोटं कारखान्यांकडे वळतात. कारखान्यांचं पाणी तपासायलाच हवं, पण आपल्या वाढत्या गावांचं, नव्या सोसायट्यांचं सांडपाणीही नदीतच येतं आणि शेतातलं खतही. कुणाचा वाटा किती, हे तुझे आकडे सांगतील, आणि ते सांगतील ते कुणालाही न घाबरता लिही. पुढाऱ्याला आवडावं, कंपनीला चालावं किंवा गाईडला बरं वाटावं म्हणून एकही आकडा हलवू नकोस. पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांच्या वाटेला जाऊ नकोस. यूजीसीच्या 2022 च्या नियमांनी पीएच.डी.साठी पेपर छापण्याची सक्ती काढली आहे. घाईनं छापलेल्या चार पेपरांपेक्षा सावकाश तपासलेला एक पेपर अधिक मोलाचा.

घरचं मी समजू शकतो. दाजींनी चाकणच्या कंपनीत शिफ्ट करून तुला इथवर आणलं. तुझ्या वयाच्या मुलींना कंपनीच्या क्वालिटी लॅबमध्ये पगार सुरू झाला आहे आणि नातेवाईक विचारतात, अजून किती शिकणार? कंपनीतली नोकरी कष्टाची आणि मानाची आहे, तिला मी कमी लेखत नाही. पण संशोधन हेही काम आहे, हे ताई-दाजींनी समजून घ्यावं. जेआरएफ ही संशोधन छात्रवृत्ती मिळाली तर महिन्याला 37,000 रुपये मिळतात. ती सगळ्यांना मिळत नाही. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्याच्या संस्थांच्या शिष्यवृत्त्या आहेत, पण पैसे वेळेवर यावेत म्हणून विद्यार्थ्यांना पुण्यात आंदोलनं करावी लागली, हेही खरं. संशोधक विद्यार्थ्याची छात्रवृत्ती रखडणं म्हणजे राज्यानं स्वतःच्याच भविष्याचा खर्च अडवून धरणं, असं माझं स्पष्ट मत आहे.

लग्नाचा विषयही निघेल. यूजीसीच्या त्याच नियमांत पीएच.डी.ची मुदत किमान तीन वर्षं आणि जास्तीत जास्त सहा वर्षं आहे, मुलींना त्यावर दोन वर्षांची सवलत मिळू शकते आणि 240 दिवसांपर्यंत बाळंतपणाची रजाही मिळू शकते. म्हणजे लग्न आणि संशोधन यांतलं एकच निवड, असं तुला कुणी सांगू लागलं तर हा नियम त्यांच्यापुढे ठेव. मुलगी पहाटे एकटी नदीवर जाते म्हणून गावात कुजबुज झाली तर मी तुझ्याबरोबर येईन, ताईही येईल. आणि ज्यांना काळजी वाटते त्यांनी कुजबुजण्यापेक्षा सोबत यावं.

काम संपल्यावर एक करायचं राहू देऊ नकोस. जैवविविधता कायदा 2002 साली झाला. त्यानुसार ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. तुझ्या थिसीसची प्रत विद्यापीठाच्या ग्रंथालयात जाईलच. त्यातली माशांची यादी, त्यांच्या विणीचा काळ, वाचवायला हवेत असे डोह, हे सगळं साध्या मराठीत लिहून भीमाकाठच्या ग्रामपंचायतींना दे. ज्यांच्या नदीवर डॉक्टरेट मिळवली त्यांच्या हातात त्यातलं काही पडलं नाही, तर ते काम अर्धंच झालं असं मी मानेन.

सिनॉप्सिस द्यायला फार दिवस उरलेले नाहीत. मॅडमना उद्याच फोन कर आणि विषय भीमेचाच घे.

तुझा,
मामा