रोझमेरीचे तेल आणि आमची ताई

आमची ताई माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. तिचे सारे आयुष्य वसईकडील आमच्या गावी, वाडीत आणि विहिरीच्या काठी गेले. तिचे यजमान निवर्तले, मुले परदेशी स्थायिक झाली, तेव्हा तिला त्या मोठ्या घरात एकटी ठेवणे आम्हांस बरे वाटेना. म्हणून तीन वर्षांपूर्वी मी तिला माझ्याकडे आणले. रेल्वेच्या नोकरीनिमित्त मी तरुणपणी सिकंदराबादेस आलो तो इकडचाच होऊन राहिलो. मला आता हैदराबाद परके वाटत नाही; ताईला मात्र ते कधीच आपले वाटले नाही. येथे समुद्राचा वारा नाही, केळीची पाने सळसळत नाहीत, आणि मे महिन्यात दगडी भिंती रात्रभर तापलेल्या राहतात.

पहिल्या वर्षी ती चष्मा कोठे ठेवला ते विसरे. दुसऱ्या वर्षी ती स्वयंपाकघराची वाट विसरू लागली. आणि एके दिवशी सकाळी मी तिच्यापुढे चहाचा कप ठेवला तेव्हा तिने मान वर करून मला विचारले, "आपण कोण?" ज्या बहिणीने मला कडेवर घेऊन वाढविले, तिने मला 'तू कोण' असे विचारले असते तरी चालले असते. तिने 'आपण' म्हटले, हे माझ्या जिव्हारी लागले.

डॉक्टरांनी तपासण्या केल्या, स्मृतिभ्रंश असे आजाराचे नाव सांगितले आणि रोज रात्री घ्यावयाची एक गोळी लिहून दिली. या गोळीने रोग बरा होत नाही, काही रोग्यांची विस्मृती काही काळ थोपविली जाते एवढेच, असेही त्यांनी स्पष्ट सांगितले. प्रामाणिक माणसाचे बोलणे ऐकावयास नेहमीच कठीण जाते. मी त्यांच्यावर नाराज होऊन घरी आलो.

अशा मनःस्थितीतील माणूस कोणाच्याही हाती लागतो. शहराच्या नव्या भागात, जेथे काचेच्या उंच इमारती उभ्या आहेत, तेथे सुगंधोपचाराचे एक दुकान होते. आत मंद दिवे, मंद संगीत आणि मांडणीवर रांगेने ठेवलेल्या तपकिरी बाटल्या. तेथील तरुण विक्रेत्याने माझी हकीकत सहानुभूतीने ऐकून घेतली आणि एक बोटभर उंचीची बाटली पुढे केली. रोझमेरीचे शुद्ध तेल. युरोपात हजारो वर्षे हे झुडूप स्मरणशक्तीसाठी वापरले जाते, असे तो म्हणाला. कानशिलांवर रोज दोन-दोन थेंब चोळावेत, आणि गोळ्यांनी मेंदू सुस्त होत असल्याने त्या बंद केल्यास गुण लवकर येईल, असाही सल्ला त्याने दिला. मी नऊशे रुपये मोजले आणि बाटली खिशात घालून बाहेर पडलो.

वाचकहो, येथे मला माझा अपराध कबूल केला पाहिजे. मी घरात कोणासही न सांगता ताईची रात्रीची गोळी बंद केली. एकूण अकरा दिवस. सून रोज गोळी काढून वाटीत ठेवी. मी ती उचलून कागदात गुंडाळून ठेवी आणि ताईच्या कानशिलांवर ते तेल चोळी. बाराव्या दिवशी तिची दोन्ही कानशिले लाल झाली आणि कातडीवर बारीक पुरळ उठले. ती रात्रभर कण्हत होती. माझ्या पत्नीने विचारले, "हे काय लावले?" तेव्हा सारेच उघडकीस आले. ती मला काही बोलली नाही. तिने कपाटातील कागद काढला, गोळ्या मोजल्या आणि ताईपाशी जाऊन बसली.

डॉक्टरांनी मला दोन गोष्टी समजावून सांगितल्या. असली तेले म्हणजे वनस्पतीचा काढा नव्हे, तिचा दाट अर्क. ती निव्वळ कातडीवर कधीच लावू नयेत. म्हाताऱ्या माणसाच्या पातळ कातडीवर तर नाहीच. लावावयाचेच तर ३० मिलिलिटर खोबरेल तेलात ६ थेंब, म्हणजे साधारण शंभरात एक भाग, एवढे पुरे. या तेलात कापराचा अंश असतो, म्हणून फेफरे येणाऱ्या माणसाला, गरोदर स्त्रीला आणि लहान मुलांना त्यापासून दूर ठेवावे. पोटात तर कोणीच घेऊ नये. दुसरी गोष्ट गोळ्यांची. ती येथे लिहावयास मला संकोच वाटतो. ते एवढेच म्हणाले, "पुढच्या खेपेस बंद करण्यापूर्वी मला विचारा."

गोळी पुन्हा सुरू झाली, पुरळ आठवड्यात गेले. बाटली मात्र कपाटावर तशीच राहिली. नऊशे रुपयांची वस्तू टाकून देणे माझ्यासारख्या पेन्शनरास जमण्याजोगे नव्हते, आणि एवढ्या नावाजलेल्या वनस्पतीत काहीच तथ्य नसावे हेही मनाला पटेना. म्हणून एके दुपारी मी ती खिशात घालून जुन्या शहरात गेलो.

चारमिनार १५९१ सालचा. त्याच्या उत्तरेकडून निघून गुलजार हौदावरून पत्थरगट्टीच्या दगडी कमानींखालून चालू लागले की अत्तरांची जुनी दुकाने लागतात. रमजानच्या महिन्यात येथे पाय ठेवावयास जागा नसते. एरवी दुपारी दुकानदार निवांत असतात. मी ज्या वृद्ध अत्तरवाल्याकडे गेलो त्याने माझी बाटली उघडली, नाकापासून वीतभर दूर धरली आणि हसून म्हणाला, "जनाब, चीज अच्छी है. लेकिन ये हमारे खानदान की नहीं."

त्याचे म्हणणे मला पुढे समजले. त्याच्याकडील गुलाब, केवडा, खस, हिना आणि पहिल्या पावसाच्या मातीचा वास देणारे मिट्टीचे अत्तर हा सारा माल कनौजहून येतो. तेथे तांब्याच्या देगेत फुले व पाणी घालून तोंड मातीने लिंपतात आणि मंद आंचेवर वाफ धरतात. ती वाफ नळीवाटे ज्या भांड्यात उतरते त्यात आधीच चंदनाचे तेल असते. फुलाचा वास चंदनाच्या अंगाखांद्यावर बसतो, म्हणून तो दिवसभर टिकतो. रोझमेरीच्या तेलाला असा आधार नसतो. तिचा कोवळा पाला आणि फुलोरा बंद भांड्यात घालून खालून वाफ सोडतात, वाफेबरोबर तेल निघते, आणि थंड झाल्यावर ते पाण्यावर तरंगते. शंभर किलो ताज्या पाल्यातून तेल निघते ते साधारण एक किलो, पुष्कळदा त्याहूनही कमी.

अत्तरवाल्याने कागदाच्या दोन पट्ट्या घेतल्या. एकीवर माझे तेल लावले, दुसरीवर चंदनाचे. पहिलीचा वास एकदम अंगावर आला : कापूर, ओले गवत, थोडे औषध, थोडी देवदाराची ढलपी. आम्ही चहा घेतला, त्याने आपल्या नातवंडांच्या गोष्टी सांगितल्या, दोन गिऱ्हाइके येऊन गेली. तासाभराने त्याने दोन्ही पट्ट्या माझ्या हाती दिल्या. रोझमेरी जवळजवळ उडून गेली होती. चंदन जागच्या जागी होते. "ते घुंगरू आहे, घोडा नव्हे," असे काहीसे तो आपल्या हैदराबादी बोलीत म्हणाला. सुगंध बनविणारे लोक रोझमेरीला असेच वापरतात. गाडी येत असल्याची वर्दी तिने द्यावयाची, आणि मग बाजूला व्हावयाचे.

युरोपात या घुंगराचा मान मोठा आहे. पूर्वी तेथे 'हंगेरीचे पाणी' नावाचे एक सुगंधी द्रव्य प्रसिद्ध होते. मद्यार्कात रोझमेरी घालून ते काढीत. हंगेरीची एक वृद्ध, संधिवाताने गांजलेली राणी ते वापरून इतकी टवटवीत झाली की पोलंडच्या राजाने तिला मागणी घातली, अशी त्याची दंतकथा आहे. (पाहा, नऊशे रुपयांची बाटली विकणारे त्याही काळी होते.) पुढे योहान मारिया फारिना या इटालियन गृहस्थाच्या घराण्याने जर्मनीतील कोलोन शहरात १७०९ साली सुरू केलेल्या पेढीचे सुगंधी पाणी जगभर गेले. तापात कपाळावर घडी ठेवावयास आपल्याकडेही एके काळी घरोघर असे ते कोलनवॉटर हेच. लिंबू-संत्र्याच्या सालींच्या तेलाबरोबर त्या जातीच्या पाण्यात रोझमेरीचा अंश असे. म्हणजे नाव न कळता आपल्या आयाबायांनी हिचा वास घेतलेला आहे.

नावाचेही एक गमतीचे प्रकरण आहे. 'रोझमेरी' ऐकताच आपल्या लोकांस पवित्र मरियेचे नाव आठवते, आणि इजिप्तच्या प्रवासात मरियेने आपला झगा या झुडपावर पसरला तेव्हा त्याची पांढरी फुले निळी झाली अशी आख्यायिका युरोपातील ख्रिस्ती लोकांत आहेच. आख्यायिका गोड आहे. नाव मात्र लॅटिनमधून आलेले : रोस मारिनुस, म्हणजे समुद्राचे दव. भूमध्य समुद्राकाठच्या खडकाळ जमिनीत हे झुडूप आपोआप वाढते. वनस्पतिशास्त्रज्ञांनी अलीकडे त्याला सब्जा-तुळशीच्या मोठ्या कुळातीलच साल्व्हिया या गणात घातले आहे. तेव्हा नाते लावावयाचेच तर आपल्या अंगणातील तुळस ही हिची दूरची चुलतबहीण लागते.

स्मरणाशी हिचा संबंध जुना आहे, यात त्या विक्रेत्याने खोटे काही सांगितले नाही. इंग्लंडात प्रेतयात्रेस हिच्या डहाळ्या नेत आणि कबरीत टाकीत. ऑस्ट्रेलियात आजही दर वर्षी २५ एप्रिलला युद्धात पडलेल्या सैनिकांच्या आठवणीसाठी लोक हिची डहाळी छातीवर लावतात. पण मेलेल्यांची आठवण ठेवणे निराळे आणि जिवंत माणसाची हरवलेली आठवण परत आणणे निराळे. २००३ साली इंग्लंडातील नॉर्थंब्रिया विद्यापीठात १४४ निरोगी माणसांवर एक प्रयोग झाला. रोझमेरीच्या वासात बसलेल्यांचे स्मरण किंचित बरे ठरले, पण त्यांस आठवावयास वेळ अधिक लागला. ती माणसे निरोगी होती, आणि परीक्षा त्या बैठकीपुरती होती. त्यावरून ताईसारख्या रोग्याविषयी काहीच सिद्ध होत नाही. शेजारच्या बायका केस गळण्यावर हे तेल लावतात. त्यावरही २०१५ साली १०० रोग्यांवर सहा महिन्यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला आणि नेहमीच्या एका सौम्य औषधाइतका गुण त्यात दिसला. एका लहानशा प्रयोगाचा जेवढा भरवसा धरावा तेवढाच त्याचाही धरावा.

'अरोमाथेरपी' हा शब्द तरी किती जुना? रेने-मॉरिस गात्फोसे नावाच्या फ्रेंच रसायनज्ञाने तो रूढ केला. १९३७ साली त्याच नावाचे त्याचे पुस्तक निघाले. तो स्वतः सुगंधाच्या धंद्यातला होता. औषध आणि अत्तर यांची सरमिसळ येथूनच वाढली असावी, असे मला वाटते.

अत्तरवाल्याने निघताना मला एवढेच सांगितले, की हे अंगाला लावू नका; कापसाच्या बोळ्यावर एक थेंब टाका आणि उशाशी ठेवा. पैसे त्याने घेतले नाहीत. मी हिन्याची एक लहान कुपी विकत घेतली, तीही त्याला बरे वाटावे म्हणून.

त्या रात्री बोळा ठेवला. काही झाले नाही. या आजारात वास घेण्याची शक्ती पुष्कळदा आधीच मंद होते, असे डॉक्टर म्हणाले होते, म्हणून मी फारशी आशाही धरली नव्हती. चौथ्या की पाचव्या दिवशी दुपारी ताईने तो बोळा हाती घेतला, नाकाशी नेला आणि कपाळाला आठी घालून म्हणाली, "निलगिरीचे तेल कोणी सांडले?"

मी चकित झालो, पण त्यात चमत्कार काही नव्हता. निलगिरीच्या तेलाचा मुख्य घटक सिनिओल. रोझमेरीच्या पुष्कळ जातींच्या तेलातही तोच अधिक असतो. ऑस्ट्रेलियातून आणलेली निलगिरीची झाडे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास उटीच्या डोंगरांत लावली गेली आणि त्या डोंगरांचेच नाव त्यांस पडले. आता त्याच डोंगरांत शेतकरी रोझमेरीही लावतात. ताईचे नाक चुकले नव्हते. नाकाकडून निघणाऱ्या नसा मेंदूच्या ज्या भागात पोहोचतात तो भाग आठवणींच्या जागेला लागूनच आहे, म्हणून वासाने जुनी गोष्ट एकदम उभी राहते असे म्हणतात. आमच्या घरी पावसाळ्यात निलगिरीच्या तेलाची बाटली देव्हाऱ्याजवळच्या कोनाड्यात असे. मी लहानपणी फार खोकत असे. आई शेतावर गेली की खोबरेल तेलात ते तेल मिसळून ताईच माझ्या छातीला चोळी.

आता कापसाचा बोळा आम्ही रोज दुपारी ठेवतो. बहुतेक दिवशी ती त्याकडे पाहतही नाही. बाटली अर्धी झाली आहे. ती संपल्यावर मी साधे निलगिरीचे तेलच आणणार आहे, ते पुष्कळ स्वस्त पडते.

परवा दुपारी बाहेर ऊन रणरणत होते. ताई बोळा मुठीत धरून अंथरुणावर बसली होती. मी पाण्याचा पेला घेऊन गेलो तेव्हा तिने मला नेहमीप्रमाणे परक्यासारखे पाहिले आणि हळू आवाजात म्हणाली, "ती खिडकी लावता का जरा? पाऊस आत येतो आहे. आमच्या बाबूला खोकला झाला आहे."

मला घरात बाबू म्हणत. मी खिडकी लावली.