शिरस्त्राणाचा सौदा

आमच्या भाच्याचा साताऱ्यास यंत्रदुरुस्तीचा लहानसा कारखाना आहे. गेल्या महिन्यात तो सांगलीस आला तो एक प्रश्न घेऊनच. "मामा, मिक्स्ड रिॲलिटीचा हेडसेट घ्यावा म्हणतो. तीनेक लाख पडतील. आईची ठेव मोडावी लागेल." आमचा व्यवसाय वाङ्मय शिकविण्याचा, परंतु ठेव आमच्या भगिनीची, तेव्हा मौन पाळणे शक्य नव्हते.

हे शिरस्त्राण डोळ्यांवर चढविले म्हणजे समोरचे जग दिसतेच. शिवाय त्यावर आकृत्या नि अक्षरे तरंगत राहतात. भाच्याने ते दोन दिवसांकरिता भाड्याने आणले होते. चष्म्यावरून ते बसवितानाच आमची त्रेधा उडाली. ज्यांना हिशेब आणि पत्रव्यवहारच करावयाचा, त्यांनी हे ओझे का वाहावे? ॲपलने २०२४ साली विक्रीस आणलेल्या व्हिजन प्रोची किंमत ३,४९९ डॉलर, वजन ६०० ते ६५० ग्रॅम, आणि बॅटरी सुमारे दोन तासांची! मेजावरच्या कामास साधा संगणक पुरे.

भाच्याची गरज मात्र निराळी होती. त्याचे जुने मिस्त्री आता सांगलीस मुलाकडे राहतात. गुडघ्यांमुळे साताऱ्याचा प्रवास त्यांस झेपत नाही. दुसऱ्या दिवशी तिकडे एका पोऱ्याने हेडसेट घातला, इकडे आमच्या दिवाणखान्यात मिस्त्री टॅबलेट घेऊन बसले. त्यांनी पडद्यावर बोटाने वर्तुळ काढावे, आणि ते साताऱ्यातल्या पोऱ्यास पंपाच्या नेमक्या बोल्टाभोवती दिसावे! "अरे, तो नव्हे, त्याच्या खालचा!" पोऱ्याचे दोन्ही हात मोकळे होते, मोबाइल हाती धरून हे साधले नसते. पाऊण तासात पंप फिरू लागला. मिस्त्रींचा चेहरा पाहून आमचा निम्मा विरोध तेथेच ढासळला.

उरलेला निम्मा मात्र टिकला. अशाच कामांसाठी मायक्रोसॉफ्टने २०१९ साली ३,५०० डॉलरांचा होलोलेन्स २ काढला होता. २०२४ साली त्याचे उत्पादन थांबले. सुरक्षेच्या सुधारणाही २०२७ अखेरपर्यंतच मिळावयाच्या. किर्लोस्करवाडी वसविणाऱ्या लक्ष्मणरावांच्या लोखंडी नांगरासही शेतकरी आरंभी भीत. लोखंडाने जमीन नासेल म्हणत. परंतु नांगराचा फाळ झिजला तर नवा बसविता येतो. येथे दूरच्या कंपनीने हात आखडला की तीन लाखांचे शिरस्त्राण अडगळीत!

ठेव मोडू नये, नड पडेल तेव्हा भाड्याने आणावे, असे आम्ही सांगितले. भाच्याने ते मानले. मिस्त्री मात्र दर चार दिवसांनी दारात येऊन विचारतात, "साताऱ्याहून काही निरोप?"