धाग्यासाठी बांधलेलं घर

मँचेस्टरच्या अँकोट्स भागात, रॉचडेल कालव्याला लागून सेज्विक मिल उभी आहे. १८१८ ते १८२० या काळात बांधलेली, आठ मजल्यांची, विटांची. आता तिथे घरं झाली आहेत आणि त्यांतल्या एका घरात मी भाड्याने राहते. अशा घरांना लॉफ्ट म्हणतात आणि त्यांचं भाडं साध्या फ्लॅटपेक्षा चांगलंच वर असतं. घर दाखवणाऱ्या मुलीने जे जे कौतुकाने दाखवलं ते सगळं खरोखर सुंदर आहे: विटांच्या कमानींचं छत, खोलीच्या मधोमध बिडाचे खांब, गिलावा नसलेल्या भिंती, कालव्याकडच्या खिडक्या. सकाळी त्या खिडक्यांतून येणारा उजेड पार आतल्या भिंतीपर्यंत पोहोचतो. मुंबईत वाढलेल्या मला एवढा उजेड घरात असू शकतो हेच पहिल्यांदा इथे कळलं.

पण यातलं काहीच माणसाला राहायला म्हणून केलेलं नव्हतं. सुती गिरणीत तेलाने माखलेली जमीन, हवेत कापसाची तूस आणि दिव्याची ज्योत अशी तिन्ही एकत्र असायची. लाकडी तुळयांच्या गिरण्या त्यामुळे भराभर जळत. म्हणून बिडाच्या तुळया, बिडाचे खांब आणि त्यांवर विटांच्या कमानी. रुंदी ठरली ती म्यूल या कताईयंत्राच्या लांबीवरून. ही यंत्रं मजल्यावर आडवी मांडत, म्हणजे दोन खिडक्यांमधून येणारा उजेड नेमका त्यांच्या मधल्या वाटेवर पडे आणि तुटलेला धागा दिसे. मॅकॉनेल आणि केनेडी हे दोन स्कॉटिश भागीदार या गिरणीचे मालक. त्यांचं काम बारीक सुताचं. इथलं सूत ग्लासगो आणि पेस्लीच्या मलमल विणणाऱ्यांकडे जाई. इतकं बारीक सूत कोरड्या हवेत टिकत नाही, म्हणून आत उबट, दमट हवा राखायची आणि खिडक्या बंद ठेवायच्या. उजेड आत यावा, वारा मात्र येऊ नये, अशी ती व्यवस्था होती.

वाफेच्या इंजिनाची ताकद मजल्यामजल्यावर पोहोचवणारे दांडे इथे विल्यम फेअरबेर्नने बसवले. पुढे पूल आणि जहाजं बांधून मोठा झालेला हा इंजिनिअर तेव्हा नुकताच धंद्यात उतरला होता आणि हे त्याच्या सुरुवातीच्या मोठ्या कामांपैकी एक होतं. बिडाच्या खांबावरून मी पुष्कळदा हात फिरवते. दोनशे वर्षांपूर्वी कोणीतरी साच्यात ओतलेला हा खांब आज माझ्या जेवणाच्या टेबलाशेजारी उभा आहे, अजूनही वरचा सगळा भार घेऊन.

म्यूलचा गाडा पाच फूट पुढे यायचा आणि मागे जायचा, दिवसभर. पोरं तुटलेले धागे वळून जोडायची. त्यांच्याहून लहान पोरं चालत्या यंत्राखाली सरपटत जाऊन कचरा काढायची. १८१९ च्या कायद्याने नऊ वर्षांखालच्या मुलांना सूतगिरणीत घ्यायला बंदी आली. म्हणजे त्याआधी त्याहून लहान मुलंही या कामावर होती. हे वाचल्यापासून मी घरात अनवाणी चालताना थबकते, कारण तीही अनवाणीच असायची.

आणि ही माणसं संध्याकाळी जायची कुठे? जवळच्याच गल्ल्यांतल्या तळघरांत. १८४२ मध्ये बाविशीतला फ्रीडरिश एंगेल्स बापाच्या भागीदारीतल्या सूतगिरणीचं काम शिकायला मँचेस्टरला आला आणि या वस्त्या पायी फिरला. १८४५ मध्ये जर्मनीत छापलेल्या त्याच्या पुस्तकात ओल आलेल्या त्या तळघरांचं वर्णन आहे. एकेका तळघरात कुटुंबंच्या कुटुंबं, आणि शेजारी आठ मजल्यांची, खिडक्याच खिडक्यांची गिरणी. त्या शहरात उंची आणि उजेड या दोन्ही गोष्टी होत्या. पण त्या दिल्या होत्या धाग्याला. आज मी भाडं भरते ते या दोन गोष्टींचं.

तरीही ही इमारत राहिली याचा मला मनापासून आनंद आहे. विसाव्या शतकात इथला कापडधंदा बसला, अँकोट्स ओस पडलं, छतं गळू लागली. १९८९ मध्ये हा भाग संरक्षित ठरला आणि मग हळूहळू डागडुजी होत गिरण्यांची घरं झाली. गिरणी पाडून तिच्या जागी काचेचा मनोरा उभा राहिला असता, तर पोरांचा, तळघरांचा, बंद खिडक्यांचा प्रश्न मला पडलाच नसता. जुनी इमारत वापरात ठेवावी, तिच्यात माणसांनी राहावं, चूल पेटावी, या मताची मी आहे. फक्त तिच्या दारावर मालकांची नावं आणि साल असतं, तसं कामाचं वर्णनही असावं. या मजल्यावर कोणतं यंत्र होतं, त्यावर कोण होतं, एवढं तरी.

माझे मामा मुंबईत लालबागच्या एका गिरणीत त्रासन, म्हणजे कताईच्या, खात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानंतर ते पुन्हा आत गेले नाहीत. व्हिडिओ कॉलवर मी घर दाखवलं तेव्हा सगळ्यांनी कालवा पाहिला, मामांनी खांब पाहिला. "अगं, हा खांब इथे, म्हणजे साचा आडवा असणार," ते म्हणाले. साचा म्हणजे त्यांच्या भाषेत यंत्र. मग विचारलं, "सूत कितीचं निघायचं?" मी बारीक म्हटलं तर त्यांना तेवढं पुरेना, त्यांना नंबर हवा होता. त्यांच्या खात्यातल्या यंत्रांवर ओतीव अक्षरांत 'प्लॅट ब्रदर्स, ओल्डहॅम' लिहिलेलं असायचं. ते ओल्डहॅम माझ्या घरापासून ट्रामने जाण्याइतकं जवळ आहे. लँकेशायरची यंत्रं, लँकेशायरचीच बांधणीची पद्धत, आणि त्यांच्याभोवती परळ, लालबाग, शिवडी. आणि अमेरिकेतलं यादवी युद्ध पेटून तिथला कापूस येईना, तेव्हा मँचेस्टरकडच्या गिरण्यांना वऱ्हाड-खानदेशचा कापूस लागला. तो आखूड धाग्याचा म्हणून इथले कामगार वैतागायचे. सेज्विकच्या बारीक सुतात तो गेला असेल असं मला वाटत नाही. पण लँकेशायरच्या इतर गिरण्यांत नक्की गेला.

गिरणगावात काय झालं ते मामांनीच पाहिलं. फिनिक्स मिलची चिमणी मॉलच्या अंगणात उभी आहे. कमला मिलमध्ये कार्यालयं आणि हॉटेलं आली. पुष्कळ गिरण्या पाडून मनोरे झाले. गिरणी कामगारांना घरं मिळावीत म्हणून वर्षानुवर्षं मोर्चे निघाले, आणि म्हाडाच्या सोडतीत ज्यांना लागली त्यांतल्या बहुतेकांना २२५ चौरस फुटांची मिळाली. ते घर लहान असलं तरी ज्याने ते लढून मिळवलं त्याच्यासाठी ते मोठंच आहे, हे मला मान्य आहे. पण एखाद्या तरी गिरणीच्या दगडी भिंती राखून, तिच्या उंच खात्यांत, तिच्या खिडक्यांमागे कामगारांची घरं बांधली असती तर? इमारती भक्कम होत्या. हे अशक्य नव्हतं. मँचेस्टरने ते पैसेवाल्यांसाठी करून दाखवलं. मुंबईला ते आपल्या माणसांसाठी करता आलं असतं, आणि केलं नाही याचा मला राग येतो. तो मामांना येत नाही याचाही येतो.

मामांना मी इथे बोलावलं आहे. ते आढेवेढे घेतात, थंडीचं कारण सांगतात. पण परवा त्यांनी आपण होऊन फोन केला आणि विचारलं की खांबाच्या माथ्याशी दांडा बसवायची जागा शिल्लक आहे का, आणि असेल तर जमिनीपासून किती उंचावर. टेप घेऊन स्टुलावर चढले आहे, मोजून कळवते.