मेल्यावरची वणवण

मला भुतांच्या गोष्टी आवडतात. त्यांतही अमेरिकेच्या पश्चिमेकडील, ज्यांत मेलेला दरोडेखोर मुक्ति शोधीत घोड्यावरून हिंडतो, त्या विशेष. पण एल्मर मकर्डीची खरी हकीकत वाचल्यापासून त्या गोष्टींतली भीति माझ्यापुरती उलटली आहे.

१९११ सालीं ओक्लाहोमांत त्यानें आगगाडी लुटली. हातीं आले अवघे ४६ डॉलर. तीनच दिवसांनीं पाठलाग करणाऱ्यांच्या गोळीनें तो मेला. प्रेत न्यावयास कोणी येईना, तेव्हां तें औषधांनीं टिकवून, पैसे घेऊन लोकांना दाखविण्यांत आलें. १९१६ सालीं जत्रेच्या खेळवाल्यांनीं भाऊ असल्याची बतावणी करून तें नेलें. पुढें कित्येक वर्षें तें गांवोगांव फिरलें. अखेर बाहुलें समजून टांगलें गेलें. १९७६ सालीं कॅलिफोर्नियांत चित्रीकरणाच्या वेळीं त्याचा हात तुटला आणि आंत हाड दिसलें!

१९७७ सालीं ओक्लाहोमांतील गथ्री गांवीं त्याला पुरलें. पुन्हां कोणी नेऊं नये म्हणून शवपेटीवर काँक्रीट ओतलें.

गोष्टींतला दरोडेखोर स्वतःच्या पापामुळें भटकतो. मकर्डीला भटकविलें तें माझ्यासारख्या, पैसे देऊन भिणाऱ्या हौशी माणसांनीं. आणि गति दिली ती त्याचें नांव शोधून काढणाऱ्या चार परक्यांनीं. चोराचाही मातीवर हक्क असतोच. हल्लीं भूत कोणाच्या मागें लागलें आहे यापेक्षां भुताच्या मागें कोण लागलें आहे, हें मी आधीं पाहतों.