टीव्हीची उंची

सांगलीतील एका व्यापारी कुटुंबात ५५ इंची टीव्ही आला आणि भिंतीवरच्या ब्रॅकेटवरून पिता-पुत्रांत वाद झाला. वडिलांना भिंतीलगत बसणारा स्वस्त ब्रॅकेट पुरेसा वाटे. मुलाला पुढे ओढून फिरवता येणारा हवा होता. मिस्त्रीने टीव्हीच्या पाठीवरील छिद्रांमधले अंतर मोजले, वजन विचारले आणि भिंत ठोकून पाहिली. ती जिप्समची, आतून पोकळ निघाली. पुढे ओढलेला टीव्ही स्क्रू उपटू पाहतो. तो ताण ही भिंत पेलणार नाही, असे त्याने बजावले. समोरची विटांची भिंत ठरली. मुलाने दाराच्या चौकटीएवढ्या उंचीवर खूण केली.

तेव्हा आजी हळूच म्हणाल्या, "एवढं वर मला बघवत नाही रे, बाळा. जुना कपाटावर होता, म्हणून तर मी बघणं सोडलं."

मुलगा निरुत्तर झाला. वडील आईच्या चटईवर बसले, मान वर करून पाहिले आणि उठून ती खूण पुसली. पडदा खाली आला. किंचित कलता येणारा, मधल्या किमतीचा ब्रॅकेट घेतला गेला. वहीत ती रक्कम खर्चाच्या बाजूला पडली. त्या संध्याकाळी मात्र आजी पुन्हा सर्वांमध्ये येऊन बसल्या.