ताटाची डावी बाजू

आमच्या घरी पान वाढायची रीत ठरलेली होती. आधी मीठ, मग लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर. डाव्या बाजूचं सगळं चिमूट-चिमूट, चमचा-चमचा. उजवीकडे भाजी आणि आमटी, मध्ये भात. नावडती भाजीसुद्धा पानात पडायचीच, पण ती आईने कधी ढीगभर वाढली नाही. कारलं असेल तर दोन फोडी. "बरं लागलं तर माग," एवढंच म्हणायची. पहिल्या पावसात शेवळं यायची, काकडं घालून शिजवलेली, नाहीतर घसा खाजतो. मग टाकळा, मग कुर्डू. सगळ्यातलं थोडं थोडं जिभेवरून जायचं. मी कारलं कधीपासून आवडीने खायला लागले, मला आठवत नाही. कुणी सक्तीने खायला घातलं असतं तर नक्की आठवलं असतं.

माझ्या मुलीच्या वेळी मी हे सगळं विसरले. ती तीन वर्षांची असताना वाटी घेऊन तिच्यामागे घरभर फिरायचे. चिऊचा घास, काऊचा घास संपले की मोबाइल. दुधी संपवलास तर चॉकलेट. त्यातून ती एकच गोष्ट शिकली: ज्याच्यासाठी लाच द्यावी लागते, तो पदार्थ वाईटच असणार. लिआन बर्च या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी मुलांच्या खाण्याचा अनेक वर्षं अभ्यास केला. नवी चव मुलाच्या अंगवळणी पडायला ती आठ-दहा वेळा, कधी त्याहून जास्त वेळा चाखावी लागते, असं त्यांच्या आणि नंतरच्या अभ्यासांत दिसलं. आपण मात्र दोन-तीनदा वाढतो आणि "आमच्याकडे दुधी खातच नाही" असं जाहीर करतो, तेही मुलासमोर.

गोडाची ओढ जन्मजातच असते, कडवटाची नावडही. पण चवीची ओळख उष्टावणाच्या कितीतरी आधी सुरू होते. 2001 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही स्त्रिया गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर गाजराचा रस पीत होत्या. त्यांच्या बाळांनी पुढे गाजराच्या चवीची पेज इतर बाळांपेक्षा खुशीने खाल्ली. बाळंतिणीला शेपू, मेथी, बाळंतशोपा देणाऱ्या आपल्या घरांत बाळाला या चवी दुधातूनच भेटत असणार, असं मला हे वाचताना वाटलं.

बाहेरचं जग मात्र मुलाला सतत गोडाकडे ओढतं. कोल्ड्रिंकच्या 300 मिलीलिटरच्या बाटलीत साधारण आठ चमचे साखर असते. दिवसाचे फार तर 10 टक्के उष्मांक साखरेतून यावेत, हा जागतिक आरोग्य संघटनेचा निकष लावला, तर पाच-सहा वर्षांच्या मुलाची दिवसभराची मर्यादा जवळपास तेवढ्यातच संपते. शाळेच्या फाटकापासून 50 मीटरच्या आत असे पदार्थ विकू नयेत, असा नियम 2020 साली झाला. तो पाळला जावा, यासाठी पालकांनी बोललं पाहिजे. पण फाटकावर बंदी मागायची आणि घरातला डबा बिस्किटांनी भरून ठेवायचा, हे मला पटत नाही. घरात काय यावं हे मोठ्यांनी ठरवायचं. त्यातलं किती खायचं, हे मुलाचं पोट ठरवेल.

आणि मुलं आपलं ताट बघतात. "मला वांगं चालत नाही," असं जेवताना म्हणणाऱ्या बापाचं पोर वांगं कशाला खाईल?

गेल्या वर्षी आई महिनाभर राहायला आली. तिने काही सांगितलं नाही, सुनावलंही नाही. रात्री सगळ्यांना एकत्र जेवायला बसवलं, टीव्ही बंद केला आणि नातीच्या ताटात सगळ्यांसारखीच डावी बाजू वाढली. चमचाभर कोशिंबीर, बोटभर चटणी, भाजीच्या दोन फोडी. पहिले काही दिवस ताट तसंच परत गेलं. मी तोंड उघडणार, तोच आई म्हणाली, "अगं, राहू दे. उद्या परत वाढू."

आई तिच्या घरी परत गेली, पण ती रीत आम्ही मोडली नाही. काकडीची कोशिंबीर आता मुलगी मागून घेते. दुधी अजून आवडत नाही. परवा एक फोड खाल्ली, दुसरी तशीच ठेवली. आज पुन्हा दुधी केलाय. दोन फोडी वाढल्या आहेत.